पोलादाची शांत धार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये पोलादी व्हॉल्व्हची बॉडी लेथवर चढलेली असते. वरचा खडबडीत थर निघालेला, फेसिंग झालेलं, बोअर मापाला येत आलेला. शेवटच्या कटात टूलखाली काळं भोक उघडं पडतं. कधी टाचणीच्या डोक्याएवढं, कधी बोट आत जाईल एवढं. ‘ब्लोहोल निघाला’ म्हणत टर्नर मशीन बंद करतो आणि तोवर घातलेले सगळे मशीनचे तास पाण्यात जातात. भोक छोटं असलं तर वेल्डिंगने भरायची परवानगी ग्राहकाकडे मागायची, मोठं असलं तर कास्टिंग परत पाठवायचं, आणि दोन्ही बाबतींत डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलायची.

दोष लेथवर सापडतो, पण तो झालेला असतो कित्येक दिवस आधी, दुसऱ्याच गावातल्या फाउंड्रीत. पुष्कळदा भट्टीतलं रसायन बरोबर असतं, तापमान बरोबर असतं, वाळूही तपासलेली असते. गडबड होते ती लॅडलमधून, म्हणजे वितळलेला धातू नेण्याच्या भांड्यातून, साच्यात धातू पडतानाच्या दहा-वीस सेकंदांत. ओतकामाच्या शास्त्राने गेल्या तीस-चाळीस वर्षांत या काही सेकंदांवर विलक्षण बारकाईने काम केलं आहे. त्यातून हाती आलेल्या सुधारणांपैकी बऱ्याचशा लहान कारखान्यालाही परवडणाऱ्या आहेत, म्हणून हा लेख.

ठाण्यातून हा विषय मांडण्याला कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची, आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. लहान-लहान प्लॉट, पत्र्याच्या शेड, नंबरांनी ओळखले जाणारे रस्ते आणि प्रत्येक रस्त्यावर लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगचा आवाज, ही तिची अनेक दशकांची ओळख. आता त्यातल्या कितीतरी प्लॉटवर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. जागांचे भाव वाढले, भोवती वस्ती वाढली, तसा भट्टीचा आणि धुराचा धंदा शहरातून बाहेर सरकला. कास्टिंग आता अनेकदा कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावहून, बेळगावहून, राजकोटहून किंवा कोइमतूरहून येतं आणि इथे त्याचं मशिनिंग होतं. म्हणजे ओतणारा आणि कापणारा यांच्यात शेकडो किलोमीटरचं अंतर पडलं. पूर्वी भोक निघालं तर फोरमन शेजारच्या शेडमध्ये जाऊन मोल्डरला ते दाखवू शकत होता. आता मध्ये चलन, डेबिट नोट आणि फोनवरचे वाद येतात. दोष कसा होतो हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक असणं त्यामुळे अधिकच गरजेचं झालं आहे.

आधी पोलाद वाहतं कसं ते पाहू. वितळलेलं पोलाद जड आणि दाट असणार, ते सावकाश सरकत असणार, असं आपण गृहीत धरतो. जड ते आहेच, पाण्याच्या सातपट. त्याचा चिकटपणाही पाण्याच्या पाच-सहापट असतो. पण प्रवाह कसा वागतो हे ठरतं चिकटपणाला घनतेने भागून येणाऱ्या आकड्यावर, आणि तो भागाकार केला की १६०० अंश सेल्सिअसचं पोलाद आणि खोलीतलं पाणी जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. वितळलेलं पोलाद पाण्याइतकंच चपळ आहे. ते उसळतं, भोवरे करतं, कोपऱ्यावर आदळून मागे फिरतं, धार फुटली की थेंबांत विखुरतं. हे सगळं साच्याच्या आत, डोळ्यांआड चालतं, म्हणून त्याची कल्पना येत नाही.

पाण्याशी असलेल्या या साम्याचा संशोधकांनी फार सुंदर उपयोग करून घेतला. पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये साच्याची किंवा पोलाद कारखान्यातल्या भांड्यांची प्रतिकृती बनवायची, तिच्यातून पाणी सोडायचं, रंग मिसळायचा आणि कॅमेऱ्याने टिपायचं. प्रतिकृती निम्म्या मापाची असेल तर पाण्याचा वेग मूळ वेगाच्या सुमारे ०.७ पट ठेवायचा, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि गती यांचं नातं दोन्हीकडे सारखं राहतं. १६०० अंशांवर जे कधीच बघता येणार नाही, ते टेबलावर गार पाण्यात दिसू लागतं. एका बाबतीत मात्र पाणी फसवतं. पोलादाचा पृष्ठताण पाण्याच्या वीसपटीहून जास्त आहे, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर हवेमुळे कुठलाही पापुद्रा धरत नाही. वितळलेल्या धातूवर तो धरतो, आणि आपल्या भोकाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

हवेशी गाठ पडताक्षणी वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तापल्या दुधावर साय धरावी तसा. दूध स्वस्थ असेल तर साय वर राहते, कुणाला त्रास देत नाही. ढवळलं की ती दुमडते, तिचे तुकडे आत जातात आणि परत विरघळत नाहीत. धातूतही हेच होतं. उसळी मारून पृष्ठभाग स्वतःवरच दुमडला की पापुद्र्याच्या दोन कोरड्या बाजू समोरासमोर येतात, त्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि मधे हवेचा अंश घेऊन तो दुहेरी पापुद्रा धातूच्या पोटात अडकतो. तयार कास्टिंगमध्ये ही आधीच पडलेली भेग असते. गोठताना बाहेर पडू पाहणारा वायू तिच्यातच शिरतो आणि तिला फुगवून भोक करतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातले प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी ही मांडणी चिकाटीने पुढे नेली. त्यांचं ‘कास्टिंग्ज’ हे पुस्तक १९९१मध्ये आलं आणि जगभरच्या ओतकामाच्या विचाराला त्याने वळण दिलं.

त्यांच्या कामातला एक आकडा प्रत्येक फाउंड्रीच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: सेकंदाला अर्धा मीटर. साच्यात शिरणाऱ्या धातूचा वेग साधारण एवढ्यापर्यंत असेल तर पृष्ठताण त्याला आवरून धरतो, पृष्ठभाग अखंड राहतो आणि शांतपणे वर चढतो. वेग वाढला की पृष्ठभाग फुटतो, दुमडतो. ॲल्युमिनियम असो, ओतीव लोखंड असो की पोलाद, ही मर्यादा जवळपास तीच राहते, कारण पृष्ठताण आणि घनता यांचं गुणोत्तर या धातूंत फारसं बदलत नाही. आता शाळेतलं पडत्या वस्तूचं सूत्र वापरून पाहा. सेकंदाला अर्धा मीटर हा वेग यायला वस्तूला किती उंचीवरून पडावं लागतं? जेमतेम पावणेतेरा मिलीमीटर. बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकं. तीस सेंटिमीटरवरून पडणारी धार सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर वेगाने आदळते, मर्यादेच्या पाचपट. आणि आपल्याकडच्या साच्यांची उंची, वर लॅडलची उंची धरली तर, तीस सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही.

साध्या कार्बन पोलादाला थोडी सवलत मिळते हे नोंदवायला हवं. त्याच्या पृष्ठभागावर मँगनीज आणि सिलिकॉनचं जे ऑक्साइड धरतं ते त्या तापमानाला बहुधा द्रव असतं. त्याचे थेंब होतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि बरेचसे तरंगत वर येतात. पण ॲल्युमिनियम घालून किल केलेल्या, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकलेल्या पोलादात, किंवा क्रोमियमवाल्या स्टेनलेसमध्ये पापुद्रा घन राहतो, आणि तिथे उसळीची पूर्ण किंमत मोजावी लागते. साध्या पोलादातही वर आलेली मळी कास्टिंगच्या वरच्या अंगाला चिकटून राहते. पोलादी कास्टिंगमध्ये दिसणाऱ्या मोठ्या अशुद्धींपैकी बहुतांश भट्टीतून आलेल्या नसतात, ओततानाच हवेशी झालेल्या संयोगातून त्या जन्मतात. स्लॅग नीट काढली नाही म्हणून मेल्टरला बोल लावण्याआधी हे ध्यानात घेणं न्यायाचं ठरेल.

मग उपाय काय? धातू वरून खालीच यायचा, गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही. उपाय आहे तो वाटेच्या आकारात. साच्याच्या वरच्या कपात धातू ओततात, तिथून तो स्प्रू नावाच्या उभ्या नळीने खाली उतरतो, रनरने आडवा जातो आणि गेटमधून मुख्य पोकळीत शिरतो. पुष्कळ ठिकाणी स्प्रू करायला सरळ पाइपचा तुकडा वाळूत धरून वर ओढतात. सोयीचं आहे, पण पडणारी धार वेग घेते तशी बारीक होत जाते, आणि सरळ नळीत तिच्या भोवती मोकळी जागा उरते. त्या जागेत हवा खेचली जाते आणि धातूबरोबर फेसासारखी खाली जाते.

थोडा हिशेब करू. कास्टिंग, रनर आणि आकसण्याची भरपाई करणारा रायझर सगळं धरून २०० किलो पोलाद २० सेकंदांत ओतायचं आहे, म्हणजे सेकंदाला १० किलो. कपातल्या धातूची उंची १० सेंटिमीटर आणि त्या पातळीपासून स्प्रूच्या तळापर्यंतची एकूण उंची ४० सेंटिमीटर. घर्षण सोडून दिलं तर तळाशी वेग येतो सेकंदाला २.८ मीटर, आणि तेवढा धातू जायला तळाशी लागतं फक्त ५.१ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, म्हणजे २५-२६ मिलीमीटर व्यास. वरच्या तोंडाशी वेग निम्मा, म्हणून क्षेत्रफळ दुप्पट, व्यास ३६ मिलीमीटर. वर ३६, खाली २५ असा निमुळता स्प्रू ठेवला तर तो पहिल्या क्षणापासून भरलेला राहतो आणि हवेला वाव राहत नाही. याच कामाला ५० मिलीमीटरचा पाइप वापरला तर तळाशी गरजेच्या जवळपास चौपट क्षेत्रफळ झालं. उरलेलं हवेने भरणार. निमुळत्या स्प्रूचा लाकडी पॅटर्न एकदा करून घ्यायचा खर्च तो किती!

वरचा कपही असाच दुर्लक्षित. नरसाळ्याच्या आकाराच्या कपात धातू थेट स्प्रूच्या तोंडात पडतो आणि सोबत भरपूर हवा नेतो. त्याऐवजी चौकोनी कुंडी करून एका कडेला ओतलं, स्प्रूचं तोंड दुसऱ्या कडेला ठेवलं आणि मधे छोटी पायरी दिली, तर धातू आधी कुंडीत स्थिरावतो, बुडबुडे वर येतात, मग तो पुढे जातो. लॅडलचं तोंड कुंडीच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि ओतणं सुरू झाल्यावर कुंडी शेवटपर्यंत भरलेली राहायला हवी. मधेच धार तुटली तर हवा आत गेलीच, शिवाय पुढचा आणि मागचा धातू एकजीव न होता कोल्ड शट पडण्याची भीती.

एक अडचण मात्र उरते. तळाशी २.८ मीटरचा वेग घेऊन आलेला धातू गेटपाशी अर्ध्या मीटरवर कसा आणायचा? रनर पाच-सहापट रुंद केला की वेग तितकाच कमी होईल, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात चपळ धार रुंद रनरच्या तळाशी तशीच सुसाट पळते आणि वरची जागा रिकामी राहते. इथे सिरॅमिक फोम फिल्टर उपयोगी पडतो. पोलादासाठी तो झिर्कोनियाचा, मोठ्या छिद्रांचा असतो. फिल्टर म्हणजे कचरा गाळणारी जाळी, असं सगळे समजतात, पण माझ्या मते त्याचं मोठं काम प्रवाहाला अडवून त्याची पाठ भरण्याचं आहे. त्याच्या पलीकडे धातू शांतपणे निघतो. तो कुठे बसवायचा, त्याला आधार कसा द्यायचा आणि धार थेट त्याच्या अंगावर आदळणार नाही हे कसं पाहायचं, यावर त्याचा उपयोग अवलंबून. नुसता विकत आणून रनरमध्ये खुपसला तर फुटतो आणि त्याचेच तुकडे कास्टिंगमध्ये सापडतात.

ॲल्युमिनियमवाल्यांनी याहून धाडसी वाट काढली: धातू वरून ओतायचाच नाही, खालून वर चढवायचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कॉसवर्थ कंपनीच्या शर्यतीच्या इंजिनांसाठी विद्युतचुंबकीय पंपाने धातू साच्यात खालून ढकलण्याची पद्धत बसवली गेली, आणि कॅम्पबेल त्यात होते. पोलादाच्या तापमानाला तसा पंप अवघड. म्हणून पोलादाच्या इंगॉटसाठी मधल्या उभ्या नळातून पोलाद उतरवून ते विटांच्या वाटांनी साच्यांत खालून चढवतात, तीच त्यातली जुनी आणि शहाणी युक्ती.

साचा भरला की दुसरा खेळ सुरू होतो, गोठण्याचा. द्रव पोलाद घन होताना सुमारे ३ टक्क्यांनी आकसतं, आणि नंतर गार होताना आणखी आकसतं. दुसऱ्या आकसण्यासाठी पॅटर्न मुळातच मोठा करतात, पोलादाला सुमारे २ टक्के. पहिल्यासाठी मात्र आकसणाऱ्या जागेला वेळेवर नवा द्रव धातू पोचवावा लागतो. ते काम रायझरचं. रायझर कास्टिंगनंतर गोठला पाहिजे, नाहीतर तो धातू द्यायच्याऐवजी कास्टिंगमधूनच ओढून घेतो. कोण आधी गोठेल हे सांगणारा नियम चेक अभियंता निकोलस च्वोरिनोव्ह यांनी १९४०मध्ये दिला: गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० सेंटिमीटरच्या घनाकृती ठोकळ्यात जितकं पोलाद मावतं तितक्याचीच २ सेंटिमीटर जाडीची चौरस प्लेट केली, तर ठोकळ्याला गोठायला प्लेटच्या जवळजवळ चौपट वेळ लागतो. वजन तेच, फरक फक्त आकाराचा. रायझर बुटका आणि गुटगुटीत का असावा याचं उत्तर यात आहे. तो धातू पोचवू शकतो ते अंतरही मर्यादित असतं. बिशप आणि पेलिनी या अमेरिकी संशोधकांनी १९५०मध्ये दाखवलं की पोलादी प्लेटमध्ये हे अंतर जाडीच्या सुमारे साडेचारपट असतं. पुढे दुसरा रायझर लागतो, किंवा कडेला धातूचा चिल लावून गोठण्याची दिशा वळवावी लागते.

आता खाडीपलीकडे जाऊ. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कळव्याजवळ मुकंदचा पोलाद कारखाना आहे. लाहोरला सुरू झालेली ही कंपनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस जमनालाल बजाज आणि जीवनलाल मोतीचंद शहा यांच्याकडे आली आणि पुढे मुंबई परिसरात वाढली. भारतात अखंड ओतकाम, म्हणजे कन्टिन्युअस कास्टिंग, आणणाऱ्या पहिल्या कारखान्यांमध्ये १९६०च्या दशकातल्या मुकंदचं नाव घेतलं जातं. वागळे इस्टेटमध्ये प्लॉट पाडले जात होते त्याच दशकात याच परिसरातल्या कंपनीने हे पाऊल टाकलं, याचा ठाणेकरांना अभिमान वाटावा.

अखंड ओतकामात वेगवेगळे साचे नसतात. लॅडलमधलं पोलाद टंडिश नावाच्या लांबट भांड्यात उतरतं आणि तिथून तांब्याच्या बिनतळाच्या साच्यात. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि आत पोलाद आहे १५०० अंशांच्या वर. तरी साचा टिकतो, कारण त्याच्या भिंतीमागून पाणी प्रचंड वेगाने वाहत असतं. साच्यातून बाहेर पडताना बिलेटला, म्हणजे पोलादाच्या चौकोनी कांडीला, जेमतेम १०-१५ मिलीमीटर जाडीचं कवच धरलेलं असतं, आत अजून द्रवच. हे कवच साच्याला चिकटून फाटू नये म्हणून साचा सतत वर-खाली हलवत ठेवतात. जर्मनीतले सिगफ्रीड युंगहान्स यांनी १९३०च्या दशकात पुढे आणलेली ही कल्पना नसती तर अखंड ओतकाम व्यवहारात आलंच नसतं. आज जगातलं ९५ टक्क्यांहून अधिक पोलाद याच मार्गाने गोठतं.

आणि इथेही लढाई तीच आहे, धार आणि हवा यांची. लॅडलपासून टंडिशपर्यंत धार उघडी ठेवली तर ती हवा ओढते, म्हणून तिच्यावर सिरॅमिकची नळी चढवतात आणि सांध्याशी आर्गॉन सोडतात. टंडिशमध्ये बांध घालून प्रवाह असा फिरवतात की अशुद्धींना वर तरंगायला वेळ मिळावा आणि कुठल्याही कोपऱ्यात धातू साचून राहू नये. हे बांध कुठे घालायचे ते पाण्याच्या प्रतिकृतीवर रंग सोडूनच ठरवत आले आहेत. आणखी एक दुखणं नोझलचं. ॲल्युमिनियमने किल केलेल्या पोलादात अल्युमिनाचे कण असतात. अल्युमिना दोन हजार अंशांच्याही वर वितळतं, त्यामुळे ते कण नोझलच्या भिंतीवर थरावर थर धरतात आणि वाट बंद होत जाते. त्यावर कॅल्शियमची तार पोलादात सोडतात. कॅल्शियम आणि अल्युमिना यांचं योग्य प्रमाणातलं संयुग १५०० अंशांच्याही खाली वितळतं, कण द्रव होतात आणि निसटून जातात. प्रमाण चुकलं तर उलट नवीच घन संयुगं होऊन नोझल आणखी लवकर तुंबतं. रसायनशास्त्रातली ही एवढीशी जागा साधायला पोलाद कारखान्यांना अनेक वर्षं लागली आहेत.

लहान फाउंड्रीला टंडिश नको की आर्गॉन नको. पण पाण्याच्या प्रतिकृतीचं काम आता संगणक करतो, आणि या बाबतीत मुंबई परिसर भाग्यवान आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी अनेक वर्षं ओतकामाच्या संगणकीय आराखड्यावर काम केलं. त्यातून ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर तयार झालं, आणि पुढे ई-फाउंड्री ही ऑनलाइन प्रयोगशाळा. तिच्यात कास्टिंगचं त्रिमित मॉडेल चढवलं की कुठली जागा शेवटी गोठेल, म्हणजे आकसण्याची पोकळी कुठे पडेल, ते दिसतं, आणि तेही फुकट. परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना लहान मालकाच्या आवाक्याबाहेरचा असताना आपल्याकडच्या शिक्षकाने हे दार उघडून दिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी वर्कशॉपच्या तासाला वाळूचा साचा करण्याआधी तो पडद्यावर गोठताना पाहावा, एवढं तर सहज होऊ शकतं.

एक गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही, ती म्हणजे पाऊस. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. उघड्यावरचं भंगार ओलं होतं, फेरो-अलॉयच्या पिशव्या दमट होतात, चुना पाणी शोषतो, लॅडलचं अस्तर वाळत नाही. वितळलेलं लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो धातूत विरघळतो, पण गोठताना धातूची तो धरून ठेवण्याची क्षमता निम्म्याहून खाली येते. मग त्वचेखाली टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, बहुधा मशिनिंगमध्येच दिसणारी. पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं हे प्रत्येक जुन्या फोरमनला ठाऊक असतं. त्यामागे नशीब नाही, ओलावा आहे. लॅडल लालसर होईपर्यंत तापवणं, भंगार छपराखाली ठेवणं, अलॉय तापवून कोरडे करणं आणि साच्याच्या ओलसर वाळूतलं (ग्रीन सँडमधलं) पाणी रोज मोजणं, एवढ्याने फरक पडतो.

ओलाव्याची दुसरी बाजू जिवावर बेतणारी आहे. ओलं भंगार वितळलेल्या धातूच्या पातळीखाली गेलं तर पाण्याची वाफ होऊन ते दीड हजार पटींहून अधिक फुगतं आणि भट्टीतलं पोलाद माणसांच्या अंगावर उडतं. बंद तोंडाचे सिलिंडर, नळकांडी, शॉकॲब्सॉर्बर यांचंही तसंच. भंगार निवडणारा माणूस हा फाउंड्रीतल्या सर्वांत कमी पगाराच्या लोकांपैकी असतो, आणि सगळ्यांचा जीव त्याच्या नजरेवर असतो. त्याला वेळ, उजेड आणि ‘हे घालणार नाही’ म्हणायचा अधिकार मिळालाच पाहिजे.

वाळूविषयी थोडंसंच. सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा परिसरातली सिलिका वाळू राज्यातल्या फाउंड्रींना परिचित आहे. सिलिका ५७३ अंशांना एकदम फुगते, त्यामुळे साच्याची त्वचा तडकून कास्टिंगवर शिरा उठतात. आणि तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. कास्टिंगवर दोष जितके जास्त तितकं फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या साफसफाईत, ग्राइंडिंग जास्त, आणि तितकी धूळ त्या कामगाराच्या श्वासात जास्त. गेटिंग सुधारण्याचा हा फायदा कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही, पण माझ्या लेखी तो पहिला आहे.

पैशांचा हिशेबही स्पष्ट आहे. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळायला साधारण ६०० युनिट वीज लागते असं धरू. ओतलेल्या धातूपैकी निम्माच कास्टिंग म्हणून उरतो, बाकी रायझर-रनरमध्ये जातो, आणि शंभरातल्या दहा कास्टिंग रिजेक्ट होतात, असं एक उदाहरण घेऊ. एक टन चांगला माल विकायला २.२ टन पोलाद वितळवावं लागलं, वीज सुमारे १३३० युनिट. रायझर नीट बेतून हा वाटा निम्म्यावरून ६० टक्क्यांवर आणला आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवर, तर वितळवावं लागतं १.७४ टन, वीज सुमारे १०४० युनिट. टनामागे जवळपास २९० युनिटांची बचत, भट्टी न बदलता.

धातू साच्यात थंड पडेल या भीतीने तो गरजेपेक्षा जास्त तापवण्याची सवयही यातच मोडते. जास्त तापमानाला धातू जास्त वायू शोषतो, वाळू जाळतो, जास्त आकसतो. छोट्या लॅडलमध्ये तापमान दर मिनिटाला झरझर उतरतं हे खरं. त्याला उत्तर आहे तापवलेला लॅडल, त्यावर झाकण आणि भट्टीपासून साच्यापर्यंतचं कमी अंतर.

सुरुवात करायची तर ओतणाऱ्या माणसापासून करावी. प्रत्येक साच्याचा हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या खेपेतला धातू, तो क्रमांक), ओततानाचं तापमान आणि स्टॉपवॉचवर मोजलेला ओतण्याचा वेळ एका रजिस्टरमध्ये उतरवावा. हिशेबाने २० सेकंद यायला हवे होते आणि घड्याळ १२ दाखवत असेल तर स्प्रू मोठा आहे. ३० दाखवत असेल तर धातू थंड आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा कुंडी भरलेली राहत नाही. मशीनशॉपने भोकाचा फोटो हीट नंबरासकट पाठवला की रजिस्टरमधली तीच ओळ काढायची आणि ज्याने ओतलं त्यालाच बसवून दाखवायची. महिनाभर हे केलं की कुठल्या पॅटर्नचं गेटिंग आधी बदलायचं याची यादी आपोआप हाती येते, आणि त्यात ओतणाऱ्याने सांगितलेल्या दोन-चार गोष्टी अशा असतात ज्या ड्रॉइंगवर कुणालाच सुचलेल्या नसतात.